आईच्या मोबाईलवर आलेलं 'कटू सत्य'

गेल्या रविवारी अमेरिकेतल्या दादाचा व्हिडिओ कॉल आईने उचलला नाही. तीनदा वाजला, फोन तिच्या मांडीवरच होता. विचारलं तर म्हणाली, "कशाला उगाच? त्याला यायचंच नाहीये." हे वाक्य तिचं नाही. तिच्या हास्यक्लबच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, 'एनआरआय मुलांचं कटू सत्य', वर सूर्योदय आणि खाली जोडलेले हात. तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं असं: मुलं पैशाच्या हव्यासापायी तिकडे राहतात. मनात आणलं तर उद्या परत येतील. आईबाप गेले तरी व्हिडिओवरच अंत्यदर्शन घेतात. वर्षाला वीस लाख जण देशाचा पासपोर्ट फेकतात. सुना अडवतात. आखातातली माणसं बघा, कशी गुमान परत येतात. आणि इथे आलात तर मान मिळेल, तिकडे दुय्यमच राहाल. शेवटी 'पटलं तर पुढे पाठवा'. मला पटलेलं नाही.

किरकोळ मुद्दे आधी उरकते. वीस लाख कुठून आले? परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेला २०२४ चा आकडा २,०६,३७८ आहे, कुणीतरी हौसेने एक शून्य चिकटवलंय. आणि 'फेकतात' म्हणजे काय? आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच. १९५५ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं आपोआप संपतं. मग माणूस ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं कार्ड काढतो, ज्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन घेता येत नाही. ज्याला सगळं तोडायचंय तो या कार्डासाठी कशाला फॉर्म भरत बसेल?

आखाताचं कौतुक तर हसण्यासारखं आहे. माझा आतेभाऊ चिपळूणहून कुवेतला गेला, बावीस वर्षं राहिला आणि परत आला. देशप्रेमाने नाही, नोकरी संपली की अकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपतो म्हणून. तिथे त्याच्यासारख्याला नागरिकत्व मिळायची सोयच नाही. मिळालं असतं तर काय केलं असतंस, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. त्याने विषय बदलला.

सुनांबद्दल मी काय बोलू, मीच एक होते. २०११ ते २०१६ न्यू जर्सीत नवऱ्याच्या व्हिसावर राहिले, एच-४ वर. त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे. २०१५ च्या मे महिन्यात नियम थोडा सैल झाला, पण ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा एक टप्पा मंजूर झालाय त्यांच्यापुरताच. आमचा झाला नव्हता. हाताशी एमकॉम आणि बँकेतला अनुभव, आणि मी पोळ्या लाटून डबे भरत होते. परत चला असं मीच म्हटलं. म्हणजे आमच्या घरी सुनेने अडवलं नाही, ओढून आणलं. त्यात त्याग वगैरे काही नव्हता, मला पगार हवा होता.

पैशाचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करते. दादा २००७ साली शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेऊन गेला आणि पहिली काही वर्षं डॉलरसाठीच राहिला. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेचा निघाला, २७.७ टक्के. हव्यासाचा पैसा घरी कोण पाठवतो?

'इथे मान मिळेल' हे लिहिणाऱ्याने कुणाला, तेही लिहायचं. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया आणि लंडनहून शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नव्हती. पारशांच्या धर्मशाळेत राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. जुनी गोष्ट, म्हणाल. दादाचा एक वर्गमित्र आहे, परत यायचं का विचारलं की म्हणतो, "इथे माझं आडनाव कुणाला कळत नाही." तेही सुख आता आटत चाललंय म्हणा. २०२३ मध्ये सिएटल शहराला जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा करावा लागला. आपण कुठेही गेलो तरी सामान बरोबर नेतो.

आता 'मनात आणलं तर उद्या'. संताप आला तो इथे.

अमेरिका नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देते, बायकामुलं धरून. एका देशाला त्यातली जास्तीत जास्त सात टक्के, म्हणजे ९,८०० च्या आसपास. भारताला मर्यादा तेवढीच आणि चिमुकल्या आइसलँडलाही तेवढीच. उरलेली कधीमधी इकडे वळतात, पण त्याने रांग हटत नाही. सरकार दर महिन्याला एक तारीख जाहीर करतं, तुमचा अर्ज त्या तारखेच्या आधीचा असेल तर नंबर लागला. दादाचा अर्ज मार्च २०१५ चा. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच्या श्रेणीची भारतीयांसाठीची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत आली. चार महिने राहिले! आईने देवापुढे साखर ठेवली. पुढच्याच महिन्यात तारीख मागे गेली, १ एप्रिल २०१२. डिसेंबरात आणखी मागे, ८ ऑक्टोबर २०११. मागे सरकणारी रांग तुम्ही रेशनच्या दुकानात तरी पाहिलीय का?

या रांगेत माझी भाचीही आहे. वहिनी बाळंतपणाला माहेरी आली म्हणून ती पुण्यात जन्मली, अमेरिकेची नागरिक नाही, आता सोळा वर्षांची आहे. एकविसाव्या वर्षी ती वडिलांच्या अर्जातून गळेल आणि तिला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागेल. कायमचं परत यायला दादाला कुणी अडवलेलं नाही, हे खरंय. पण पोरीला अकरावीत उचलून इथे आणायचं, की पाच वर्षं आणखी थांबायचं, हे सूर्योदयाच्या चित्राखाली ठरत नाही.

आणि नुसतं भेटायला येणं? पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर बाहेर पडल्यावर नवा घेतल्याशिवाय परत जाता येत नाही. २०२५ मध्ये दादाने सगळं जुळवलं होतं. मुलाखतीची वेळ मिळाली, सर्वपित्रीला घरी असणार होता. १९ सप्टेंबरला रात्रीचं विमान. त्याच संध्याकाळी एच-१बी वर, म्हणजे दादाच्या नोकरीच्या व्हिसावर, एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, २१ तारखेपासून लागू. त्याच्या कंपनीचा मेल आला, कुणीही देश सोडू नका. हे फक्त नव्या अर्जांना लागू आहे, असा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला. तोवर विमान गेलं होतं. अमावास्येला पान मीच वाढलं, तो फोनवर बघत होता.

व्हिडिओवरच्या अंत्यदर्शनाबद्दल. बाबा एप्रिल २०२० मध्ये गेले, हृदयविकाराने. आंतरराष्ट्रीय विमानं मार्चपासून बंद होती. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा, आम्ही सहा जण होतो. वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीपुढे फोन मी धरला होता. माझा हात थरथरत होता म्हणून दादाला धड काही दिसत नव्हतं आणि तो सारखा म्हणत होता, "ताई, जरा खाली घे, चेहरा दिसू दे." फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे पाहिलं असतं, तर 'फक्त व्हिडिओवर' हे शब्द त्याच्या बोटांतून उतरले नसते.

सगळेच दादासारखे नाहीत, हेही सांगून टाकते. अमेरिकेचा पासपोर्ट खिशात आहे, व्हिसाची भानगड नाही, तरी गेली पंधरा वर्षं 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणणारे आमच्या नात्यातच दोन आहेत. कोथरूडातले त्यांचे आईवडील डबा लावून राहतात. त्यांच्यापुरता फॉरवर्ड चुकीचा नाही. पण तो नेमका त्यांच्या आईने वाचलेला नाही, माझ्या आईने वाचलाय.

बुधवारी मी आईला रांगेची ऑक्टोबर २०२५ ची तारीख उघडून दाखवली, १ एप्रिल २०१३. तिने चष्मा पुसला, उठून कालनिर्णयाच्या ऑक्टोबरच्या पानावर, सिलिंडर लावल्याच्या नोंदीशेजारी पेन्सिलीने लिहिलं, 'दादा १३'. मग बोटं मोजून म्हणाली, "आपला पंधराचा ना? म्हणजे दोनच वर्षं राहिली."

मी हो म्हटलं. मग तिने स्वतःच त्याला फोन लावला.