वक्रता ठीक, पण टेबल किती खोल?

'वक्रता जितकी जास्त, तितका डोळ्यांना आराम' हे वक्र (आत वाकलेल्या पडद्याच्या) मॉनिटरवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. १०००आर म्हणजे १००० मिलिमीटर त्रिज्येचा बाक, एवढंच. माझं काम दिवसभर एक्सेलमध्ये. ३४ इंची १०००आर घेतला आणि पहिले दोन आठवडे वरची टूलबार धनुष्यासारखी वाकलेली दिसायची. आता सवय झाली म्हणा, पण आराखडे काढणाऱ्यांनी कमी बाकाचा १८००आर किंवा सरळ सपाटच बघावा.

आणि स्टँडबद्दल एक अक्षर नाही! त्याच्या पसरट पायांनी माझं निम्मं टेबल खाल्लं, कीबोर्ड पार काठावर आला. शेवटी टेबलाच्या काठाला आवळून मॉनिटर उचलून धरणारा क्लॅम्पवाला आर्म बसवला. हो, या मापात २५६०×१०८० पिक्सेलवाला स्वस्त म्हणून उचलू नका, अक्षरं फुटकी दिसतात. ३४४०×१४४० च घ्या.