बायकांचा पॅटर्न मोठा करून चालत नाही

पुरुषांचे स्कर्ट शिवण्याबद्दलच्या एका लेखात ‘बायकांचा पॅटर्न (कापड कापायचा कागदी नमुना) दोन साइज मोठा घ्या’ असा सल्ला आहे, तो पटला नाही. बायकांच्या पॅटर्नमध्ये कंबर आणि सीट (नितंबांचा घेर) यांत साधारण नऊ-दहा इंच फरक धरलेला असतो, बहुतेक पुरुषांत तो तीन ते पाच इंचच असतो. त्यामुळे कंबर बसली की सीटवर कापड फुगतं. डार्ट (कापड आत घेणाऱ्या टोकदार चुण्या) पुढून काढूनच टाका. मागे अर्ध्या इंचाचे दोन पुरेत.

जीन्सवरचा ३४ हा आकडा माप म्हणून लिहू नका, मोजायचा टेप जवळपास नेहमीच जास्त दाखवतो. स्कर्ट जिथे बसणार तिथेच टेप लावायचा. पोट असेल तर स्कर्टचा कमरेचा पट्टा पोटाखाली जातो आणि पुढचा घेर खाली लोंबतो. अशा वेळी पुढच्या मध्यावर वरून पाऊण इंच उतार द्या. खालून कापून बरोबरी करू नका, बाजूच्या शिवणी वाकड्या पडतात.

सीट ४० असेल तर गुडघ्यापर्यंतच्या लांबीला खालचा घेर किमान ५२ इंच हवा, नाहीतर जिना चढताना अडतं. कमी घेर हवाच असेल तर मागे बॉक्स प्लीट (दोन्ही बाजूंनी दुमडलेली, चालताना उघडणारी चुणी) टाका.

कापड २५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) आसपासचं कॉटन ड्रिल, आधी धुऊन घेतलेलं. खिशाची पिशवी वर पट्ट्यातच शिवा, नाहीतर मोबाइल मांडीवर आपटत राहतो. आणि स्कर्ट ए-लाइन (खाली रुंद होत जाणारा) असेल तर रात्रभर टांगून मगच खालची दुमड घाला, उरेब (तिरकी कापलेली) बाजू ताणून खाली उतरते.