लाइटरूमची ‘लॉक’ फाइल उडवू नका

लग्नसराईच्या तोंडावर फोटोग्राफर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंची नोंदवही, गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेवा, स्टुडिओतल्या आणि घरच्या मशीनवर एकाच वेळी एडिटिंग करा, ‘कॅटलॉग वापरात आहे’ असं आलं तर लॉक फाइल डिलीट करा, बॅकअप आपोआप होतो, तेव्हा जुन्या हार्ड डिस्क रिकाम्या करा. आज भाच्याने तोच पुढे पाठवून विचारलं, “करू का?” अजिबात नको.

आधी लॉक फाइलचं बघू, कारण सगळ्यात घातक सल्ला तोच आहे. कॅटलॉगची ‘एलआरकॅट’ फाइल म्हणजे एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला डेटाबेस. लाइटरूम चालू असताना तो फोल्डर उघडून बघा. मूळ फाइलच्या शेजारी त्याच नावाची एक ‘लॉक’ आणि एक ‘वॉल’ फाइल दिसेल. ‘लॉक’ म्हणजे कॅटलॉग वापरात आहे, दुसरीकडे उघडू नका अशी पाटी. तुम्ही आत्ता केलेलं क्रॉपिंग, दिलेले स्टार आधी ‘वॉल’मध्ये लिहिले जातात आणि थोड्या वेळाने मूळ फाइलमध्ये उतरतात. म्हणजे काम चालू असताना कॅटलॉग एका फाइलमध्ये नसतोच. ड्राइव्हला हे कळत नाही. तो प्रत्येक फाइल सुटी समजून, जमेल तेव्हा वर चढवतो. घरच्या मशीनवर दुपारची एलआरकॅट आणि संध्याकाळची ‘वॉल’ अशी जोडी पोचू शकते. एसक्यूलाइट बनवणाऱ्यांनीच डेटाबेस कशाकशाने खराब होतो याचं एक सविस्तर पान लिहून ठेवलंय. डेटाबेसमध्ये लिहिणं चालू असताना घेतलेली कॉपी, जर्नल (म्हणजे ‘वॉल’सारख्या) फाइलची ताटातूट, चुकीची जोडी ही सगळी कारणं त्यात आहेत. मेसेजमधली पद्धत तिन्ही एकदम करते. लॉक फाइल हा त्यावरचा शेवटचा अडसर, आणि मेसेजवाले म्हणतात तोच काढा! ॲप क्रॅश होऊन लॉक मागे राहिली असेल आणि लाइटरूम दोन्हीकडे बंद असेल, तर ती काढायला हरकत नाही. पण ‘वॉल’ला तेव्हाही हात लावायचा नाही, शेवटचं काम तिच्यात असू शकतं.

एकाच वेळी दोघांनी काम करायचं तर लाइटरूम क्लासिक त्यासाठी बनलेलंच नाही. नेटवर्क ड्राइव्हवरचा, म्हणजे अनेक मशीनना जोडलेल्या सामायिक डिस्कवरचा कॅटलॉग ते उघडतही नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. माणूस एकच, एका वेळी एकच मशीन, लाइटरूम पूर्ण बंद, सिंक (फाइल वर चढवणं-उतरवणं) संपल्याची खूण दिसल्यावरच दुसरीकडे उघडायचं, एवढी शिस्त पाळली तर ड्राइव्हमधला कॅटलॉग बऱ्याच जणांचा चालतो. मेसेजमध्ये यातली एकही अट नाही.

“बॅकअप आपोआप होतो” हे खोटं आहे. सिंक म्हणजे आरसा: इथे खराब झालेली फाइल तिथेही खराब होते. आणि डिस्क रिकाम्या करायच्या? कॅटलॉगमध्ये फोटो नसतात. फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि त्यावर काय केलंय, एवढीच नोंद असते. कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल गेली की अल्बमही गेला. लाइटरूम बंद करताना जो बॅकअप घेतं तोही फक्त कॅटलॉगचा, आणि आपण जागा बदलली नाही तर त्याच डिस्कवर.

“एक्सएमपी चालू ठेवा, कॅटलॉगची गरजच नाही” अशीही एक ओळ मेसेजमध्ये आहे. एक्सएमपी म्हणजे फोटोसोबत साठवलेली बदलांची नोंद. तिच्यात डेव्हलप सेटिंग (एडिटिंगचे बदल), कीवर्ड, स्टार येतात. कलेक्शन (फोटोंचे गट), व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या एडिट) आणि हिस्टरी येत नाही.

दोन मशीनवर काम करायचंच असेल तर कॅटलॉग आणि फोटो दोन्ही एका एक्स्टर्नल एसएसडीवर ठेवा आणि ती सोबत न्या. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंटमधून तिला दोन्हीकडे एकच अक्षर द्या, ‘पी’सारखं पुढचं, नाहीतर एकीकडे ई, दुसरीकडे एफ होतं आणि सगळ्या फोल्डरवर प्रश्नचिन्ह येतं. एक मशीन मॅक असेल तर फोटो टाकण्याआधीच ती एसएसडी दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आणि इजेक्ट केल्याशिवाय केबल ओढू नका.

घरी एकाच लग्नाचं काम न्यायचं असेल तर तो फोल्डर निवडून फाइल मेन्यूतून ‘एक्स्पोर्ट ॲज कॅटलॉग’ करा. स्मार्ट प्रिव्ह्यूवर (फोटोच्या छोट्या, एडिट करता येणाऱ्या प्रतीवर) टिक ठेवा, ‘एक्स्पोर्ट निगेटिव्ह फाइल्स’वरची (म्हणजे मूळ फोटोंची) काढा. स्मार्ट प्रिव्ह्यूची लांब बाजू जास्तीत जास्त 2560 पिक्सेल असते. रंग, एक्स्पोजर, क्रॉप त्यावर बिनधास्त करा. शार्पनिंग आणि नॉइज मात्र मूळ फाइलवरच बघा. परत आल्यावर मुख्य कॅटलॉगमध्ये ‘इम्पोर्ट फ्रॉम अनदर कॅटलॉग’ घ्या आणि बदललेल्या फोटोंसाठी फक्त मेटाडेटा आणि डेव्हलप सेटिंग बदलण्याचा पर्याय निवडा. मधल्या काळात स्टुडिओतल्या मशीनवर त्या फोल्डरला कोणी हात लावायचा नाही, नाहीतर तिथलं काम या इम्पोर्टखाली पुसलं जाईल.