चार वर्षांच्या लेकराच्या मनगटाला अर्धा किलो?

नांदेडपासून धाराशिवपर्यंत पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा आहे ‘तिसऱ्या वर्षी रॅकेट, पंधराव्या वर्षी इंडिया’. मजकूर थोडक्यात असा: टेबल टेनिस चौथ्या वर्षाच्या आत सुरू झालं नाही तर संधी गेली. चिनी लेकरं रोज हजार बॉल मारतात, तुमचंही मारू शकतं. पहिल्या दिवसापासून मोठं टेबल आणि रॅकेटला प्रोफेशनल रबर द्या. दोन्ही मनगटांना अर्ध्या-अर्ध्या किलोचे पट्टे बांधून रोज 500 शॅडो स्ट्रोक, म्हणजे बॉलशिवाय हवेत मारायचे फटके, करून घ्या. जमलं तर डाव्या हाताने खेळवा, डावखुरे जिंकतात. चष्म्याचा नंबर उतरेल आणि पुढे सर्टिफिकेटवर नोकरी लागेल. खाली उन्हाळी शिबिराची जाहिरात.

असले मेसेज रोज येतात, वाचून पुसून टाकायचे. पण हा माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचला आणि तिने चार वर्षांच्या लेकासाठी ते पट्टे मागवलेसुद्धा. म्हणून लिहितोय, आणि पट्ट्यांपासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी वेळ आणि पैसा वाया जाईल, या मुद्द्याने लेकराला इजा होईल.

चार वर्षांचं मूल साधारण 16 किलोचं असतं. त्याच्या एका मनगटावर अर्धा किलो म्हणजे 65 किलोच्या माणसाच्या एकेका मनगटावर दोन किलो. तेवढं बांधून वडिलांनी आधी स्वतः 500 फोरहँड, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारायचे फटके, मारून पाहावेत, मग बोलू. वजन हाताच्या टोकाला असलं की त्याचा ताण मनगटापुरता राहत नाही. हात लांब होईल तसा तो कोपरावर आणि खांद्यावर वाढत जातो. या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते, तिथूनच हाड लांबीला वाढतं, आणि सगळ्या सांगाड्यातली ती सगळ्यात नाजूक जागा. मोठ्या माणसाचा स्नायू ताणला जाऊन दुखतो, तिथे लेकराची ही कूर्चा दुखावू शकते. आणि चार वर्षांचं पोर ‘कोपर दुखतंय’ असं सांगत नाही. ते ‘मला नाही खेळायचं’ म्हणतं, आणि आपण त्याला आळशी ठरवतो.

बरं, दुखापत नाहीच झाली असं धरू. फायदा काय? फोरहँडमध्ये हात सुरुवातीला सैल असतो आणि बॉल लागतो त्या क्षणी वेग घेतो. वजन बांधलं की हे उलटं होतं. पोर हात खांद्यातून झोकून देतं, वजन पुढे ओढत नेतं, आणि हात थांबवायला पाठ वाकवावी लागते. 500 वेळा हेच केलं तर अंगात हेच बसतं. पट्टे सोडल्यावर हात हलका वाटतो तो दोन-चार मिनिटं, स्ट्रोक मात्र बिघडलेला तसाच राहतो. शिवाय शॅडो हा प्रकार वयाच्या आठ-नऊ वर्षांनंतर कामाचा. चार वर्षांच्या मुलाला बॉल दिसल्याशिवाय हात कधी आणि कुठे न्यायचा याला काही अर्थच नसतो. ते दहाव्या स्ट्रोकला पंख्याकडे बघायला लागतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता मोठं टेबल. हा मुद्दा ऐकायला बिनधोक वाटतो, पण शिकवण्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गफलत इथेच आहे. टेबलाची उंची 76 सेंटीमीटर. मोठा माणूस 170 सेंटीमीटरचा धरला तर त्याचं कोपर जमिनीपासून साधारण 105 वर असतं, म्हणजे टेबलाच्या चांगलं वर. चार वर्षांचं मूल साधारण 100 सेंटीमीटरचं, कोपर साठ-बासष्टवर. टेबल त्याच्या कोपराच्याही वर 14-16 सेंटीमीटर. अशा टेबलाशी उभं केलेलं पोर काय करतं ते कुठल्याही शिबिरात जाऊन बघा. खांदा कानाला टेकवतं, कोपर बाजूला पंखासारखं उचलतं आणि बॉलवर वरून थापटी मारतं. बॉल नेटमध्ये जातो. कोच ओरडतो, ‘कोपर खाली’. कोपर खाली घेतलं तर रॅकेट टेबलाच्या कडेला आपटते. मुलाने करायचं काय? ही उचललेल्या कोपराची सवय पुढे आठव्या-नवव्या वर्षी मोडायला महिनोन्‌महिने जातात.

सर्व्हिसचं तर विचारूच नका. नियमाप्रमाणे उघड्या तळहातावरचा बॉल टेबलाच्या पातळीच्या वर हवा आणि किमान 16 सेंटीमीटर उडायला हवा. या लेकराचा खांदाच 80 सेंटीमीटरच्या आसपास असतो, म्हणजे हात खांद्याजवळ धरून बॉल डोळ्यांसमोर उडवायचा. या वयात नियमाची सर्व्हिस शिकवायचीच नसते. बॉल टेबलावर टाकायचा, उसळला की मारायचा, एवढं पुरे.

उपाय महाग नाही. मोठ्या माणसाला जे प्रमाण पडतं तेच मुलाला द्यायचं तर पृष्ठभाग 45 ते 50 सेंटीमीटरवर हवा. प्लास्टिकची चार-सहा भक्कम स्टुलं घ्या आणि त्यावर 8 बाय 4 फुटांचा 18 मिलिमीटर जाडीचा प्लायवूड टाका. मधोमध टेकू द्यायला विसरू नका, नाहीतर मध्ये बॉल मेल्यासारखा पडतो. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, लेकरांचं तोंड त्याच उंचीवर येतं. उसळी तपासायची रीत अशी: बॉल 30 सेंटीमीटरवरून सोडला तर मान्यताप्राप्त टेबलावर तो साधारण 23 सेंटीमीटर उसळतो. प्लायवर 19-20 आला तरी या वयाला चालतो, पण सगळीकडे सारखा यायला हवा. नेट 15.25 सेंटीमीटरचं नको, दहा सेंटीमीटर उंचीवर दोरी बांधा आणि तिच्यावर ओढणी टाका. काही ठिकाणी मोठ्या टेबलापुढे फळ्यांचा ओटा करून मुलांना वर उभं करतात. ओटा अरुंद असेल तर बॉलमागे मागे सरकलेलं पोर थेट खाली पडतं. करायचाच तर मागे-पुढे दीड मीटर तरी रुंद हवा, नाहीतर करूच नका.

प्रोफेशनल रबरचं उत्तर एका परिच्छेदात उरकतं. स्पर्धेच्या रबरखाली 2 मिलिमीटर किंवा त्याहून जाड स्पंज असतो, तो बॉल फेकतो. पोराने नुसता स्पर्श केला तरी बॉल टेबलाबाहेर. मग ते मारणं सोडून देतं आणि रॅकेट नुसती पुढे धरायला शिकतं. 1.5 मिलिमीटर किंवा त्याहून कमी स्पंजची हलकी तयार रॅकेट घ्या, आणि सगळ्यात आधी मूठ बघा. मूठ जाड असली की लेकरू हातोडी धरल्यासारखी पकडतं. तीन बोटं मुठीभोवती, अंगठा एका बाजूला रबराच्या कडेशी, तर्जनी दुसऱ्या बाजूला खालच्या कडेने आडवी, अशी पकड बसली पाहिजे. मूठ कानशीने घासून बारीक करून घेतली तरी चालते.

रोज हजार बॉल? या वयाचं मूल एका पाळीत पाच-सहा बॉल नीट मारतं. सातव्याला पाय थांबतात, आठव्याला नजर सुटते. म्हणून पाच-सहा बॉल, मग बॉल गोळा करायला पळणं, मग पुन्हा पाळी. सगळं मिळून 20 ते 30 मिनिटं, आठवड्यातून तीनदा. क्रमही ठरलेला: आधी फुगा, कारण तो हळू येतो आणि नजर त्याच्यामागे जाऊ शकते. मग टेबलावरून घरंगळत येणारा बॉल रॅकेटने अडवणं. मग रॅकेटवर टप्पे. मग एक टप्पा पडल्यावर भिंतीवर मारणं. नेट सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही बॉल रॅकेटने नाही, समोरून हाताने खालून टाकायचा, एकाच जागी. फुगा जमायच्या आधी बॉल दिला तर पोर डोळे मिटून मारतं.

या वयात किती खेळवायचं या मुद्द्यावर एकच आधार देतो, तो पुरेसा आहे. बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स ही संस्था. तिचा 2016चा अहवाल सांगतो की एकाच खेळाला वाहून घेणं 15-16 वर्षांपर्यंत लांबवावं, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी असावी, आणि वर्षातून एकूण तीन महिने, महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत, त्या खेळापासून दूर राहावं. टेबल टेनिससारख्या हातोटीच्या खेळात 15-16 ही मर्यादा जरा ताणलेली आहे असं कुणी म्हटलं तर मी फार भांडणार नाही. पण वाद दहा वर्षांच्या मुलाबद्दल होऊ शकतो, चार वर्षांच्या मुलाबद्दल नाही.

चौथ्या वर्षाच्या आतल्या सुरुवातीबद्दल थोडं मान्य करावंच लागेल. जपानचा आघाडीचा खेळाडू तोमोकाझू हारिमोतो दोन वर्षांचा असताना खेळायला लागला. आपली मनिका बत्रा चौथ्या वर्षी. पण हारिमोतोचे आईवडील दोघंही खेळाडू आणि कोच. लेकरू त्यांच्या मागे हॉलमध्ये वाढलं, शिबिराची फी भरून नाही. आणि चीनचा ऑलिंपिक विजेता मा लाँग, त्याने सुरुवात केली पाचव्या वर्षी. सीरियाची हेंद झाझा टोकियो ऑलिंपिकमध्ये 12 वर्षांची होती, तीही पाचव्या वर्षीच लागली. म्हणजे मेसेजच्या हिशेबाने या दोघांची संधी गेलेली होती. तिसऱ्या वर्षी जुंपलेली आणि सातव्या वर्षी रॅकेट फेकून दिलेली पोरं कुठल्याच मेसेजमध्ये येत नाहीत.

डाव्या हाताचं. वरच्या पातळीवर डावखुरे त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त दिसतात हे खरं. समोरच्याला त्यांच्या बॉलची सवय नसते, आणि दुहेरीत आळीपाळीने मारायचं असल्यामुळे डावा-उजवा जोडीदार एकमेकांच्या वाटेत कमी येतात. पण ते जन्माचे डावखुरे. उजव्या लेकराच्या डाव्या हातात रॅकेट कोंबून डावखुरा तयार होत नाही, दोन्ही हातांनी अडखळणारा तयार होतो. तीन-चार वर्षांच्या मुलाचा हात अजून पक्का होत असतो, म्हणून नुसतं बघा. रॅकेट टेबलाच्या मधोमध ठेवा, कुठल्या हाताने उचलतो, बॉल कुठल्या हाताने फेकतो, खडू कुठल्या हातात घेतो. जेवणाचा हात मात्र धरू नका. आपल्याकडे आज्जीने डाव्या हातातला घास कधीच उजव्यात दिलेला असतो.

उन्हाळी शिबिराबद्दल मेसेजमध्ये सकाळ-दुपार दोन वेळा लिहिलंय. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, बाहेर 42 अंश असताना, दुपारी! बॉल 2.7 ग्रॅमचा, वाऱ्याने वळतो म्हणून पंखे बंद, फुग्याला तर बंद लागतातच. सकाळी साडेआठच्या आत उरका. पाळी नसलेल्या मुलांना टेबलापासून लांब, पंख्याखाली बसवा, दर दहा मिनिटांनी पाणी द्या. शहाबादी फरशीवर धूळ असली की मोज्यांवर पोरं घसरतात, रबरी तळाचे बूट घाला.

चष्म्याचा नंबर उतरत नाही. लांबचं न दिसणं बहुतेकदा डोळ्याचा गोळा लांबीला वाढल्यामुळे असतं, तो बॉलकडे बघून आखूड होत नाही. बॉलवर नजर ठेवायची सवय लागते, तेवढं खरं. यापायी कुणी लेकराचा चष्मा काढून त्याला खेळवत असेल तर तो ताबडतोब परत घाला आणि मागून पट्टा लावा.

आणि सर्टिफिकेट. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, हे खरं. ते ठरावीक पातळीच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतं. खेळाचे सवलतीचे गुण मिळतात ते दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना. शिबिरात सगळ्यांना वाटलेला रंगीत कागद यातल्या कशालाच लागत नाही.