मनगट शाबूत असेल तर सलगम कोरा

साऊइनचा, म्हणजे हॅलोविनच्या मूळ आयरिश सणाचा, कंदील भोपळ्याचा असतो, असे ज्यांना वाटते त्यांची मनगटे अजून शाबूत आहेत. भोपळा ही अमेरिकेत गेलेल्या मंडळींनी काढलेली पळवाट. आयर्लंडात कोरत ते सलगम, आणि माझ्या मते तो सणाचा भाग नसून शिक्षेचा आहे.

सण समजायला सोपा. ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्ताला तो सुरू होतो, कारण केल्टिक लोकांचा, म्हणजे तिथल्या प्राचीन रहिवाशांचा, दिवस रात्रीपासून मोजला जाई. उन्हाळी कुरणांवरची गुरे खाली आणायची, हिवाळाभर पोसणे जमणार नाही तेवढी कापायची, शेकोट्या पेटवायच्या. त्या रात्री परलोकाचे दार उघडे! आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातल्या ओवेनागाट गुहेतून तीन डोक्यांचा राक्षस निघाल्याचे जुन्या कथांत आहे, शिवाय मोजताच न येणारी डुकरे. गुरांची मोजदाद करण्याच्या मोसमात हा शुद्ध खोडसाळपणा.

कंदिलाला मात्र ‘प्राचीन’ म्हणू नका. तिकडे ज्याला सलगम म्हणतात तो पिवळ्या गराचा टणक कंद आयर्लंड-ब्रिटनमध्ये पसरला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. यातना जुन्या वाटतात एवढेच.

कंद किलोभराचा, बुडाशी सपाट घ्या. लहान घेतलात तर आत मेणबत्ती मावत नाही. वरून दोन-अडीच सेंटिमीटरची चकती कापा, हे झाले झाकण. आतल्या गरावर सुरीने चौकटी पाडा आणि दणकट चमच्याने एकेक तुकडा उपसा. चौकटी न पाडता थेट चमचा खुपसणाऱ्यांचा चमचा वाकतो, सलगम हसतो. भिंत दीड सेंटिमीटरवर आणून थांबा. जाड राहिली तर उजेड बाहेर येत नाही, पातळ झाली तर दात कोरताना तडकते. उकडून मऊ करण्याची युक्ती सुचेल. मग कंदिलाऐवजी भाजी होते.

डोळ्यांपेक्षा तोंड मोठे ठेवा, हवा तिथूनच आत जाते. झाकणालाही धुराडे पाडा. नाहीतर ज्योत गुदमरून विझते, किंवा झाकण करपून घरभर जळक्या कोबीचा वास सुटतो. दोरीची भोके काठाच्या एक सेंटिमीटर खाली घ्या. अगदी काठाशी घेतलीत तर ऐन मिरवणुकीत राक्षस पायावर पडतो.

चेहरा बिघडला तरी बिघडू द्या. काही दिवसांत कंद आक्रसतो, ओठ आत वळतात आणि तुमच्या हातून जे साधले नाही ते भेसूरपण आपोआप येते. मेयो परगण्यातल्या टर्लॉ पार्कच्या संग्रहालयात डोनेगलच्या अशाच एका सलगम-भुताची प्लास्टरची प्रतिकृती आहे. तिच्यापुढे भोपळा म्हणजे गल्लीतला गोड काका.

उपसलेला गर फेकू नका. मऊ शिजवून लोणी-मिरी घालून घोटा. पाच-सहा जणांना पुरतो, कारण दुसऱ्यांदा कोणी मागत नाही.