ख्रिसमसची गाणी, गणपतीतले स्पीकर आणि बंद करायचं बटण

दरवर्षी गणपती जवळ आले की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद सुरू होतो आणि त्यात दादाचं एक वाक्य ठरलेलं असतं, की तिकडे इंग्लंडात तुम्ही ख्रिसमसची गाणी दोन-दोन महिने निमूट ऐकून घेता, तिथे कोणी ब्र काढत नाही, आणि आपल्याकडे दहा दिवस स्पीकर लागला की लगेच सगळ्यांचे कान दुखायला लागतात. यंदा त्याला तिथेच उत्तर द्यायला बसले पण ते इतकं लांबत गेलं की म्हटलं वेगळंच लिहावं. मी मँचेस्टरला एका मोठ्या दुकानातल्या फार्मसीत काम करते, माहेर पुण्यात लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे दोन्हीकडचे आवाज माझ्या चांगले ओळखीचे आहेत.

तर पहिली गोष्ट, इथे कोणी ब्र काढत नाही हे खरं नाही. भरपूर काढतात. मॅजिकसारखी रेडिओ स्टेशनं नोव्हेंबरातच पूर्णवेळ ख्रिसमसची गाणी सुरू करतात आणि तेव्हापासून लोक वैतागलेले असतात. व्हॅम ह्या बँडच्या लास्ट ख्रिसमस गाण्यावरून तर एक खेळच निघालाय, १ डिसेंबरपासून २४ डिसेंबर संपेपर्यंत ते मूळ गाणं कानावर पडू द्यायचं नाही, पडलं की तुम्ही बाद. २०२३ मध्ये नॉर्थहॅम्प्टनच्या फुटबॉल मैदानावर तिथल्या डीजेने ते लावलं आणि सुमारे सात हजार लोक एका दमात बाद, लोक इतके चिडले की बिचाऱ्याने माफी मागितली. आणि गंमत म्हणजे त्याच महिन्यात तेच गाणं ब्रिटनमध्ये ख्रिसमसचं नंबर वन झालं, १९८४ मध्ये निघाल्यापासून पहिल्यांदाच, तब्बल ३९ वर्षांनी! म्हणजे ज्यांनी आपणहून लावलं त्यांना ते गाणं जीव की प्राण आणि ज्यांच्या कानावर ते येऊन आदळलं त्यांना नकोसं, गाणं एकच. मला वाटतं सगळा वाद ह्या एका गोष्टीत आहे आणि आपण दोन्ही देशांत तो सोडून भलतंच काहीतरी भांडत बसतो.

भलतंच म्हणजे शब्दांवरून. पोग्ज हा बँड आणि गायिका कर्स्टी मकॉल ह्यांचं फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क हे १९८७ चं गाणं, त्यात एक उद्ध्वस्त झालेलं जोडपं एकमेकांना शिव्या घालतं आणि त्यातली एक शिवी समलिंगी पुरुषांना घालतात ती आहे. २००७ मध्ये बीबीसीच्या रेडिओ वनने ते शब्द दाबून गाणं लावलं, एवढा गदारोळ झाला की त्याच दिवशी संध्याकाळी निर्णय मागे घेतला. २०२० मध्ये परत तेच, रेडिओ वनवर बदललेलं गाणं, रेडिओ टूवर मूळ, म्हणजे एकाच संस्थेची दोन स्टेशनं आणि दोन गाणी. गाणं लिहिणाऱ्यांपैकी शेन मॅगोवनने २०१८ मध्येच सांगून टाकलं होतं की गाण्यातली ती शिवी देणारी बाई ज्या काळातली आणि ज्या परिस्थितीतली आहे तशी ती बोलते, पण कोणाला शब्द दाबायचाच असेल तर दाबा, मला वाद नको. मला त्याचं हे म्हणणं फार समंजस वाटलं.

बँड एड ह्या गायकांच्या समूहाच्या डू दे नो इट्स ख्रिसमस ह्या गाण्याची तक्रार मात्र मला पूर्ण पटते. १९८४ मध्ये इथिओपियातल्या दुष्काळासाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज युरने ते केलं, पैसा उभा राहिला, लोकांचे जीव वाचले, ते कोणी नाकारत नाही. पण गाण्याचा सूर असा की त्या बिचाऱ्यांना ख्रिसमस आलाय हे तरी ठाऊक असेल का. अहो इथिओपियात चौथ्या शतकापासून ख्रिस्ती धर्म आहे, त्यांचा ख्रिसमस ७ जानेवारीला असतो, गेना म्हणतात त्याला. माझ्या काउंटरवर इथिओपियन बायका येतात औषधं न्यायला, डोक्यावरून पांढरी ओढणी, गळ्यात क्रॉस, आणि वर छतातून हे गाणं चालू असतं, तेव्हा मला खरंच मान वर करवत नाही. घाना-ब्रिटिश गायक फ्यूज ओडीजीने २०१४ च्या नव्या आवृत्तीत गायला नकार दिला तो ह्याच कारणाने, की आफ्रिकेचं हे केविलवाणं चित्र आता बास. २०२४ मध्ये गायक एड शीरननेही म्हटलं की मला विचारलं असतं तर माझा २०१४ च्या आवृत्तीतला आवाज पुन्हा वापरू दिला नसता. हा वाद व्हायलाच हवा होता आणि अजून व्हायला हवा.

पण ह्या सगळ्या वादांत दुकानात उभं राहून काम करणाऱ्या माणसाचं नाव कुठे येत नाही. आमच्याकडे गाण्यांची यादी हेड ऑफिसातून येते, आवाजही तिथूनच ठरलेला, आणि शिफ्टभर तीच यादी फिरत राहते. गिऱ्हाईक दहा मिनिटं ऐकून बाहेर पडतं, टिलवरची, म्हणजे पैसे घेणारी मुलगी आठ तास ऐकते. आणि फार्मसीत तो नुसता वैतागाचा प्रश्न राहत नाही. मेथोट्रेक्झेट नावाचं औषध आहे, संधिवाताला देतात, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर माणूस दगावू शकतो, त्यामुळे प्रत्येकाला ते तोंडी सांगायचं, कुठल्या वारी घेणार हे त्यांच्याकडून वदवून घ्यायचं. आता समोर ऐंशी वर्षांचे आजोबा, कानाला यंत्र, आणि डोक्यावर घंटा आणि घुंगरं वाजतायत. त्यांना सगळंच एकसारखं मोठं ऐकू येतं, माझा आवाज त्यातून वेगळा काढता येत नाही. मी मॅनेजरला सांगितलं की काउंटरवरचा तेवढा स्पीकर बंद करा, बाकी दुकानात काय लावायचं ते लावा. थोडे दिवस गेले, परवानग्या घ्याव्या लागल्या, पण झाला बंद. कोणी मला विचारलं नाही की तू हिंदू आहेस म्हणून तुला ख्रिसमस खुपतो का. मला मात्र तीच भीती होती, म्हणून मी बोलायला इतका वेळ लावला होता.

सगळ्यात जास्त पाठिंबा कोणाचा मिळाला तर आमच्या पोलिश सहकारी बाईंचा, ज्या दर रविवारी चर्चमध्ये गातात. त्यांचं म्हणणं असं की ख्रिसमसच्या आधीचे चार आठवडे हे वाट बघायचे, शांत राहायचे दिवस, त्यांच्याकडे खरी ख्रिसमसची गाणी २४ च्या संध्याकाळी सुरू होतात आणि मग पार २ फेब्रुवारीपर्यंत गातात, आणि दुकानातली गाणी २५ ला बंद पडतात, म्हणजे सण सुरू झाला की गाणी संपली. हे ऐकताना मला माझी आईच आठवली. ती पहाटे उठून अथर्वशीर्ष म्हणणारी, रांगोळी काढणारी, आणि गल्लीतल्या डीजेचा सगळ्यात जास्त त्रास तिलाच होतो. सणाच्या गाण्याला कंटाळलेला माणूस म्हणजे सणाचा वैरी असं नसतं, बरेचदा त्या घरात तोच माणूस सण सगळ्यात मनापासून करत असतो.

आता पुण्याकडे येते. आपल्याकडे दरवर्षी काय चर्चा होते बघा. मांडवात सिनेमाची गाणी नकोत, अश्लील गाणी नकोत, आरत्या लावा, भक्तिगीतं लावा, डीजे की ढोलताशा. म्हणजे इथल्यासारखंच, कुठलं गाणं ह्यावर सगळी ताकद खर्च. लताबाईंच्या आवाजातली आरती मला अतिशय प्रिय आहे, पण तीच सकाळी सहापासून खिडकीच्या तोंडावर, तिसऱ्यांदा, पाचव्यांदा, तर बाळंतिणीला आणि आजारी माणसाला आरती आणि डीजेत काही फरक वाटत नाही. आणि गाण्यांवर बंदी घालून काय होतं ते आपण एकदा बघितलंय. बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी, १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाले आणि सिनेसंगीत हलकं आहे म्हणून आकाशवाणीवर त्याला इतकी कात्री लावली की निर्मात्यांनीही हात आखडले आणि ती गाणी तिथून जवळजवळ गायबच झाली. लोकांनी काय केलं, रेडिओ सिलोन लावला! शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. शास्त्रीय संगीतासाठी केसकरांनी जे केलं त्याबद्दल मला आदर आहे, पण लोकांनी काय ऐकावं हे वरून ठरवायला गेलं की ते टिकत नाही, तेव्हाही नाही आणि आताही टिकणार नाही.

त्यापेक्षा किती मोठ्याने आणि कितीपर्यंत, हे ठरवणं सोपं आहे आणि ते ठरलेलंही आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. २०२३ च्या विसर्जनाला सीओईपी ह्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी लक्ष्मी रोडवर, म्हणजे व्यापारी भागात, मोजलं तेव्हा सरासरी १०१ च्या पुढे गेली होती. डेसिबलमध्ये दर दहाला ऊर्जा दहापट होते, म्हणजे ६५ च्या जागी १०१ हे दीडपट नाही, हजारो पट आहे, आणि मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते. लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही हे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं, तेव्हा प्रकरण मशिदींच्या भोंग्यांचं होतं. दादा, तू म्हणतोस ना की मग त्यांचे भोंगे आधी बंद करा, तर हो, त्यांनाही तोच नियम, त्याच डेसिबलचा, पण त्यांचा बंद होईपर्यंत आमचा चालू राहणार हे म्हणणं मला पटत नाही कारण त्या स्पीकरसमोर राहणारे तुझेच आईबाबा आहेत.

इथे आम्हीही गणपती बसवतो, भाड्याच्या हॉलमध्ये. तिथे भिंतीवर आवाजाचं एक यंत्र असतं, मर्यादा ओलांडली की लाल दिवा लागतो आणि तरी आवाज कमी केला नाही तर साउंड सिस्टिमची वीजच तुटते. ढोल आम्ही दुपारी बाहेर पार्किंगमध्ये वाजवतो, आधी आजूबाजूच्या घरांत चिठ्ठ्या टाकून, आणि दरवेळी दोन-तीन शेजारी मुलांना घेऊन बघायला येतात, मोदक खाऊन जातात. धर्म बुडाला असं कोणाला वाटलं नाही. आणि तरीही सांगते, हॉलमधला तो गणपती मला पुरत नाही. पुण्यात कसब्याचा गणपती निघतो तेव्हा रस्त्यावर जे हजारो अनोळखी लोक एका ठेक्यावर चालत असतात ते इथे कुठेच नाही, इथल्या दुकानातल्या गाण्याबरोबर कोणी गातही नाही, ते नुसतं छतातून सांडत राहतं. त्यामुळे मी मिरवणूक बंद करा म्हणणाऱ्यांतली नाही. ढोल वाजावा, लोकांनी नाचावं, हवं ते गाणं लावावं, झिंगाट लावा नाहीतर अभंग लावा.

फक्त दादा, तू मंडळाच्या मीटिंगला जातोस, वर्गणी देतोस, तुझं ऐकतात. यंदाच्या मीटिंगला आपल्या गल्लीतल्या त्या चार घरांना बोलवा ज्यांच्या खिडकीच्या तोंडावर स्पीकर येतो, आणि स्पीकर कुठे, किती वाजेपर्यंत आणि किती मोठा, हे आधी त्यांना विचारा, गाण्यांची यादी मग तुम्ही करा.