‘उन्हाळ्यात मामाच्या हॉस्पिटलात पाठवा’: त्या मेसेजला एका नर्सचं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या वहिनींनी पाठवला. ‘प्रीमेड मुलांच्या पालकांसाठी अत्यंत महत्त्वाचे’ असा मथळा आणि खाली पाच मुद्दे. (प्रीमेड म्हणजे अमेरिकेत पदवीनंतर मेडिकल कॉलेजला अर्ज करायच्या तयारीतली मुलं.) एक, क्लिनिकल अनुभवाचे, म्हणजे रुग्णांजवळ राहून केलेल्या कामाचे, १००० तास नसतील तर अर्ज कॉम्प्युटरच बाद करतो. दोन, शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांच्या मागे उभं राहून पाहणं, हाच खरा अनुभव. त्यातून सर्जन मिळाला तर सोन्याहून पिवळं. तीन, पगार घेऊन केलेलं काम धरत नाहीत, आणि नर्सिंग असिस्टंटसारखी ‘खालची’ कामं अर्जात वाईट दिसतात. चार, अमेरिकेत मुलांना कशाला हात लावू देत नाहीत, तेव्हा उन्हाळ्यात भारतात नातेवाइकाच्या हॉस्पिटलात पाठवा. सहा आठवड्यांत ३०० तास होतात, टाके घालायलाही मिळतात. पाच, एच-फोर व्हिसावरच्या (आईबाबांच्या एच-वनबी वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलांना यातलं काहीच करता येत नाही. शेवटी जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा’.

मी न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, शिक्षण मिरजेचं. दर सप्टेंबरला आमच्या मजल्यावर कॉलेजची मुलं स्वयंसेवक म्हणून येतात. कुठल्या खोलीत जायचं, कुठल्या नाही, हे त्यांना सांगणाऱ्यांत मी असते. शिवाय माझी मोठी मुलगी दोन वर्षांपूर्वी याच अर्जाच्या चरकातून बाहेर पडली. म्हणून लिहितेय.

चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्यांनी फार तर वेळ वाया जाईल. यात दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाला सुई लागणार आहे.

‘टाके घालायलाही मिळतात.’ कुणाला घालायला मिळतात? तालुक्याच्या गावी ऊसतोडीत कोयता लागून आलेल्या बाईला. तिला कुणी विचारलं का, की हा आमचा भाचा, अमेरिकेत बायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यानं शिवलं तर चालेल का? आपल्या मुलीच्या हनुवटीला खोक पडली आणि एडिसनच्या इमर्जन्सीत कॉलेजातलं पोर सुई घेऊन पुढे आलं, तर आपण वकिलाला फोन करू. तिकडच्या बाईकडे वकील नाही, म्हणून ती सरावाला उपलब्ध होते. एवढाच काय तो फरक.

अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, २०११ साली नेमक्या याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. इथे जे करायची तुमची तयारी नाही आणि परवानगी नाही, ते परदेशात जाऊनही करू नका, हा त्यांचा गाभा. असं काही केल्याचं अर्जात लिहिलं तर ते विद्यार्थ्याच्या विरोधात जाऊ शकतं, हेही त्या सांगतात. मिनेसोटा विद्यापीठाने तर परदेशात अनुभव घ्यायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी रुग्णसुरक्षेवर ऑनलाइन कार्यशाळाच बांधली. म्हणजे ज्या ओळीने प्रवेश समिती खूश होईल असं मेसेज सांगतो, ती वाचून वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. भारतातला कायदाही मामांना विचारून घ्या: नोंदणी नसताना वैद्यकी करण्याला २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

आणि ३०० तासांचं गणित? सहा आठवड्यांत ३०० म्हणजे आठवड्याला ५०. गणपतीपुळ्याची सहल, आजीकडचे आंबे आणि चुलतबहिणीचं लग्न त्याच सहा आठवड्यांत. अर्जात प्रत्येक अनुभवापुढे संपर्कासाठी एका माणसाचं नाव लिहायचं असतं. तिथे मामांचं नाव लिहिणार, आणि शिफारसपत्रही त्यांचंच घेणार?

भारतात जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. मराठी येणाऱ्या मुलाला तिकडे जे दिसेल ते इथल्या त्याच्या वर्गमित्रांना दिसणार नाही. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. अक्षरओळख नसलेल्या बायकांनाही गावच्या आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. अशा ठिकाणी हात पाठीमागे बांधून आठवडाभर नुसतं पाहावं, ऐकावं, वहीत लिहावं. ते अर्जात ‘निरीक्षण’ म्हणूनच लिहावं. कुणी नावं ठेवणार नाही.

आता १००० तास. असा कुठलाही सर्वमान्य आकडा नाही, आणि तासांवरून अर्ज गाळणारी एखादी सामाईक चाळणीही नाही. ज्या मोजक्या कॉलेजांनी कधी किमान तास छापले, त्यांचे आकडे बघा. युटा विद्यापीठाच्या वैद्यकीय कॉलेजाने काही वर्षांपूर्वी छापले होते: शॅडोइंग किमान ८ तास, रुग्णांशी प्रत्यक्ष संपर्क किमान ३२ तास. हजारच्या जवळपास तरी आहे का? मग हा हजार आला कुठून? माझा अंदाज सांगते. आजकाल बरीच मुलं पदवीनंतर एक-दोन वर्षं थांबून अर्ज करतात आणि त्या काळात पूर्णवेळ नोकरी धरतात. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५० आठवडे, झाले २०००. त्यांचे आकडे कुणीतरी इंटरनेटवर पाहिले, निम्मे केले आणि विशीतल्या, कॉलेजात शिकणाऱ्या पोरांच्या गळ्यात बांधले.

खरा अर्ज कसा असतो ते सांगते. बहुतेक कॉलेजांच्या सामाईक अर्जात, त्याला सगळे एमकॅस म्हणतात, अनुभवांसाठी जास्तीत जास्त १५ जागा असतात. प्रत्येकीत ७०० अक्षरं, स्पेस धरून. त्यातले तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडायचे आणि त्यांच्यासाठी आणखी १३२५ अक्षरं मिळतात. तासांचा आकडा एका चौकोनात जातो. बाकीच्या जागेत सांगायला काहीतरी असावं लागतं. आमच्याकडे आठवड्याला चार तास येणारी मुलगी वर्षाचे तीस आठवडे आली तर १२० तास होतात, दोन वर्षांचे २४०. दुसऱ्या वर्षी ती आली की नर्सा तिला नावाने हाक मारतात. हे सहा आठवड्यांत होत नाही.

मेसेजच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी: अनुभव लागतोच. आपण पालक ज्या व्यवस्थेतून आलो तिथे मेडिकलला जाणाऱ्याला ‘तू कधी आजारी माणसाजवळ बसला आहेस का’ असं कुणी विचारलंच नाही. आजही नीटच्या ७२० पैकी किती, एवढाच प्रश्न. इथे २०२३ मध्ये सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळाला. त्यांतल्या कितीतरी जणांचे गुण एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले. तेव्हा हा मुलगा काय बघून डॉक्टर व्हायला निघालाय, हे विचारलं जाणारच. आपण मात्र त्या प्रश्नालाही मार्कांसारखंच वागवतो, जितके जास्त तितके बरे.

शॅडोइंगबद्दल थोडक्यात. ते हवं, पण ते पाहणं आहे. अर्जातही त्याचा प्रकार वेगळा आहे आणि रुग्णसेवेचे प्रकार वेगळे. सर्जनच्या मागे उभं राहिलं तर बऱ्याचदा निळं कापड आणि सर्जनची पाठ दिसते. फॅमिली डॉक्टरकडे दोन दिवस बसलं तर औषध परवडत नाही म्हणून गोळी अर्धी करून घेणारा माणूस दिसतो. दोन्हीकडे थोडं थोडं बसावं आणि पुढे जावं.

‘खालची कामं’ या शब्दाशी माझं जरा वैयक्तिक भांडण आहे.

पगाराचं काम धरत नाहीत, हे तर सरळ खोटं. एमकॅसमध्ये ‘पगारी नोकरी, वैद्यकीय’ असा स्वतंत्र प्रकारच आहे. सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे सीएनए, व्हायला १९८७ च्या केंद्रीय कायद्यापासून किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, कॅलिफोर्नियात १६०. अँब्युलन्सवर इएमटी, म्हणजे तातडीचे प्रथमोपचार करणारा कर्मचारी, होता येतं. डॉक्टरांच्या नोंदी टिपणाऱ्या स्क्राइबचं कामही चांगलं असतं. फक्त आता संभाषण ऐकून नोंद लिहिणारी सॉफ्टवेअरं आली आहेत, तेव्हा केवळ त्याच्या भरवशावर राहू नका.

आमच्या मिरजेच्या वॉर्डात बेडपॅन देणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या बायकांना सगळे ‘मावशी’ म्हणत. कुठल्या पेशंटचं काय बिनसलंय हे हाउसमनच्या (वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरच्या) आधी मावशींना कळायचं, कारण त्या त्याला कुशीवर वळवायच्या. पाठीवरचा लाल चट्टा आधी त्यांच्या नजरेला पडायचा. माझ्या मुलीने कॉलेजच्या दुसऱ्या वर्षानंतर सीएनएचा कोर्स केला आणि एका नर्सिंग होममध्ये (इथे त्याचा अर्थ वृद्धांचं निवासी शुश्रूषागृह) शनिवारच्या पाळ्या धरल्या. पहिल्या शनिवारी घरी येऊन तिने अर्धा तास शॉवर घेतला आणि न जेवता झोपली. तिच्या बाबांचा चेहरा त्या मेसेजसारखाच झाला होता. पुढे मुलाखतीला गेल्यावर तिला ऑपरेशन थिएटरातल्या शॅडोइंगबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही; रोज त्याच वेळी ‘माझी बायको कुठे आहे’ विचारणाऱ्या एका विधुर आजोबांना ती काय उत्तर द्यायची, यावर वीस मिनिटं गेली.

स्वयंसेवकांचंही तसंच. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आमच्या मजल्यावर एक मराठी आजी होत्या, मधुमेही. दुपारचा ट्रे तसाच परत जात होता. मजल्यावरची एकुलती एक मराठी नर्स, म्हणजे मी, नेमकी सुट्टीवर. एक स्वयंसेवक मुलगी पाण्याचा जग भरायला गेली आणि तोडक्यामोडक्या मराठीत विचारून बसली, ‘आजी, का नाही खाल्लं?’ उत्तर आलं, आज संकष्टी, चंद्र उगवल्यावर सोडणार. मुलीला इन्सुलिनचं काही ठाऊक नव्हतं, पण माणूस जेवलेला नाही हे नर्सला सांगायला हवं, एवढं तिला कळलं. जेवणाबरोबरचा डोस अजून द्यायचा होता. तो थांबवून डॉक्टरांना फोन झाला. त्याच संध्याकाळी एका तपासणीच्या संमतीसाठी आजींशी बोलायचं होतं, तेव्हा कुणीतरी त्याच मुलीला दुभाषी म्हणून उभं करायला निघालं. ती नाही म्हणाली. त्याला प्रशिक्षित दुभाषीच लागतो, ते फोनवरून झालं. नर्सला सांगणं आणि दुभाषी व्हायला नाही म्हणणं, दोन्ही तिने कुणी न शिकवता केलं. तास किती झाले? चार.

राहिला पाचवा मुद्दा. एच-फोरवरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही, हे खरं. पण जे काम सगळ्यांसाठीच बिनपगारी आहे, ते स्वयंसेवक म्हणून करता येतं. हॉस्पिटलांत ते आहेच, आणि हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या सेवेत, तर आवर्जून. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या नियमानुसार हॉस्पिसला पगारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या किमान ५ टक्के इतके तास स्वयंसेवकांकडून करून घ्यावे लागतात. म्हणजे त्यांना तुमच्या मुलाची गरज आहे. मरणाच्या दारातल्या माणसाजवळ एकोणीस वर्षांच्या मुलाने बसावं का, हे घरोघरी ठरवा. माझ्या धाकट्याला मी अजून पाठवलेलं नाही. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरच्यांनी कॅम्पसबाहेरच्या कुठल्याही पगारी कामाआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारावं. एच-फोरच्या मुलांची खरी अडचण पुढे आहे: वय २१ झालं की तो दर्जा संपतो, आणि ग्रीन कार्ड नसलेल्यांना बरीच वैद्यकीय कॉलेजं घेतच नाहीत. मेसेजमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही.

हा मेसेज मला सगळ्यांत आधी पाठवणाऱ्या वहिनींशी मी फोनवर तासभर बोलले. त्यांनी पुण्याचा मुक्काम चार आठवड्यांवर आणला आणि लेकीने आमच्याकडे स्वयंसेवकाचा अर्ज भरला. तिची पार्श्वभूमी-तपासणी झाली, फ्लूची लस व्हायची आहे. टीबीची त्वचाचाचणी सोमवारी संध्याकाळी झाली. ती ४८ ते ७२ तासांच्या आत वाचावी लागते, म्हणून गुरुवारी दुपारी तिला पुन्हा बोलावलंय. ते तास मात्र मोजावेच लागतात.